अम्माजींचं हसू

साडेतीन वर्षं मी एकच साडी नेसले. मोतिया रंगाची, मरून काठाची. एकच म्हणजे तशा सात होत्या, सातही हुबेहूब, आणि कुठली धुवायला गेली हे कळावं म्हणून ड्रेसवाल्यांनी पदराच्या आतून एक ते सात आकडे टाचले होते. जबलपूरला, अधारतालच्या आमच्या गल्लीतल्या कुसुमबाईंनी मला एकदा विचारलं, "एवढी मोठी हवेली तुही, एवढे नोकर, अन् अंगावर रोज तेच लुगडं काहून?" मी म्हटलं, "विधवा आहे ना मी त्या मालिकेत." कुसुमबाईंचं समाधान झालं. खरं कारण ऐकून झालं नसतं. साडी एकच, अंबाडा एकच, गळ्यातली माळ एकच असली, की मंगळवारी टिपलेला माझा चेहरा पुढच्या महिन्यातल्या कुठल्याही प्रसंगाला जोडता येतो. त्यासाठी ती साडी होती. वैराग्य वगैरे काही नव्हतं.

मी लीला सुखराम गजभिये. वय एकाहत्तर. टीव्हीवर अडतीस वर्षं काम केलं आणि श्रेयनामावलीत माझं नाव असंच पूर्ण येतं. पहिल्या मालिकेच्या वेळी एक साहेब म्हणाले होते, "इतना लंबा नाम, सिर्फ लीला जी लिख देते हैं." मी म्हटलं, "लंबा है तो दो लाइन में लिखिए." त्यांनी दोन ओळींत लिहिलं. सेटवर मी कधी उशिरा गेले नाही. हल्ली कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाक्य ओरडतं आणि पुढचा नट ते ऐकून म्हणतो. मी एका वाक्यासाठीही तो आधार घेतलेला नाही, तीन-तीन पानं पाठ करून उभी राहिले. घरात मराठी बोलणारी जबलपूरची बाई लखनौची खाला, तिथली मावशी, करते, आणि लखनौचे लोक पत्र लिहून विचारतात, आप किस मोहल्ले की हैं. हे मी सांगते तेव्हा समोरच्याला बढाई वाटते. आहेच बढाई. मी कमावलेली आहे, मी मारणार.

आता जबलपूरला माझ्याकडे रविवारी सकाळी चार-पाच मुली येतात, नटी व्हायचंय म्हणून. कोणी ओमतीहून येते, कोणी कुठून. येताना मोबाइलवर आपले रडण्याचे, दचकण्याचे व्हिडिओ घेऊन येतात. "मॅडम, हे माझे एक्स्प्रेशन बघा ना." मी बघते. चांगले असतात. मग मी विचारते, "ह्यात तू कशाला रडून राहिली?" तर म्हणते, "कशाला म्हणजे? बस, रोने का एक्स्प्रेशन है." तेव्हा माझं डोकं फिरतं. बिचारीला वाटतं, मॅडम खडूस आहेत. तिला काय ठाऊक, तिच्या वयाच्या तिप्पट झाल्यावर मी नेमकी हीच चूक केली होती, आणि ती मला कुठवर घेऊन गेली होती.

माझे वडील, सुखराम गजभिये, गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते, चौतीस वर्षं. गाव भंडाऱ्याकडचं. छप्पन साली रजा टाकून नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि आल्या दिवसापासून आमच्या घरात उपास, नवस, कुणाच्या पाया पडणं, सगळं बंद. मी तेव्हा सहा वर्षांची. पुढे मी आयुष्यभर पडद्यावर तुळशीला पाणी घातलं, आरत्या ओवाळल्या, चाळणीतून चंद्र पाहिला. बाबा ते सगळं बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "ॲक्टिंग हाय ते. मी तोफेचे गाडे बनवले, म्हून काय लढाईले गेलो?"

कॉलेजात असताना दीक्षितपुऱ्यातल्या एका हिंदी नाटक मंडळात मी जायला लागले. बाबा ड्यूटी सुटली की तसेच, खाकी कपड्यांत, सायकल धरून तालमीच्या दाराशी उभे राहायचे आणि मला मागे बसवून घरी आणायचे. फॅक्टरीतले त्यांचे दोस्त डोमाजी काका एकदा कुजकटपणे म्हणाले, "सुखराम, पोरगी नाटकात काम करते म्हन्ते." बाबा म्हणाले, "हाव. तुही करते का?" डोमाजी काकांनी पुन्हा विषय काढला नाही, उलट पुढे माझ्या प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत तेच.

दूरदर्शनचे दिवस मी पाहिलेत. आठवड्याला एक भाग, त्याच्या दोन तालमी, आणि पंधरा दिवस आधी टपालाने येणारी संहिता. ती संहिता मी घरी मोठ्यानं वाचायची आणि बाबा चुका काढायचे. मग खासगी वाहिन्या आल्या, रोजची मालिका आली. रोज एक भाग म्हणजे काय असतं, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. सकाळी लिहिलेलं दुपारी शूट होतं आणि रात्री साडेआठला लोकांच्या घरात. अशा रेट्यात मला मुंबईत अम्माजींची भूमिका मिळाली. हवेलीची मालकीण, तीन मुलं, तीन सुना, कंबरेला किल्ल्या. देशभर लोक मला त्या नावानं ओळखायला लागले. विमानतळावर बाया पाया पडायच्या, मी पाय मागे घ्यायची.

आणि त्याच मालिकेत मी बँक भरायला लागले. बँक म्हणजे लुक्सची बँक. दर मंगळवारी जेवण झालं की मला एका भिंतीपुढे उभी करायचे, समोर कॅमेरा. डायरेक्टर तरुण होता, स्वभावानं गरीब, पण पाठीमागे वाहिनीचा तगादा. तो खुर्चीतून सांगायचा, "अम्माजी, राइट देखिए. ग़ुस्सा. अब लेफ्ट, शक. अब चिंता. अब मुस्कुराइए, धीरे से, जैसे कोई बात मन की हो गई." मी राग देत होते, संशय देत होते, हसू देत होते. कशाचा राग, कुणावर संशय, ते कोणालाच माहीत नसायचं. पुढे ज्या भागात चेहऱ्यांची गरज पडेल तिथे एडिटर ते चिकटवायचा. तुम्ही पाहिलं असेल, एक वाक्य झालं की सगळ्यांच्या तोंडांवर कॅमेरा तीन-तीनदा जातो, धाड धाड आवाज होतो. ती तोंडं त्या खोलीत हजर असतातच असं नाही.

पंधरा मिनिटांत चाळीस लुक देण्याचा विक्रम माझा आहे. एकही रीटेक नाही. युनिटनं टाळ्या वाजवल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मी फुलून गेले होते. इतर नट्या कुरकुरायच्या, मला मात्र त्यात आपलं कसब दिसायचं. बटण दाबावं आणि चेहरा यावा, एवढी मी तयार झाले होते. हे मी अभिमानानं सांगत फिरायची. त्याची आज लाज वाटते, तेही सांगून टाकते.

इकडे जबलपूरला आमच्या घरी रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत चटई अंथरली जायची. गल्लीतले पंधरा-वीस जण जमायचे, बहुतेक सगळे आमचेच लोक, फॅक्टरीतले, रेल्वेतले, एखादी शिक्षिका. बाबा खुर्चीवर, बाकी खाली. दर रविवारी नऊच्या ठोक्याला बाबांचा फोन यायचा आणि आठवड्याभराचा हिशोब घ्यायचे. कुठल्या दिवशी मी आवाज जास्त चढवला, कुठे डोळ्यांनीच काम भागलं असतं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण एक भाग चुकवला नाही. माझ्या आयुष्यात मला मिळालेला सगळ्यात कडक आणि सगळ्यात जवळचा समीक्षक तो.

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात एका रविवारी फोन आला नाही. म्हटलं, लाइन बिघडली असेल. पुढच्या रविवारीही नाही. मी धाकट्या भावाला, अंबादासला, त्याच्या ऑफिसात फोन लावला.

"बाबांची तब्येत ठीक आहे ना?"

"तब्येत ठीक आहे, दीदी. ते तुह्याबद्दल बोलून नाही राहिले."

"काहून?"

"तू हसली म्हणून."

मला काही उमगेना. कुठे हसले, कधी हसले. आम्ही नट आमचे भाग कुठले बघायला, आम्ही त्या वेळी पुढचा भाग शूट करत असतो. प्रॉडक्शनच्या ऑफिसातून मी त्या आठवड्याची टेप मागवली आणि मेकअप रूममध्ये एकटी बसून पाहिली.

प्रसंग असा होता. हवेलीत रधिया नावाची नवी कामवाली पोर आलेली. ते काम विनता करायची, एकोणीस वर्षांची, बिलासपूरकडची, तिची ती पहिलीच मालिका. रधियाला तहान लागते, ती जेवणघरातल्या चांदीच्या ग्लासानं पाणी पिते. मधली सून येऊन तो ग्लास तिच्या हातून उडवते. म्हणते, आता हा ग्लास फेकूनच द्यावा लागेल, आणि ज्या ज्या ठिकाणी तू हात लावलास ते सगळं धुऊन काढ. पोर खाली बसून फरशी पुसते. आणि तिथे पडद्यावर मी. मोतिया साडी, अंबाडा, आणि हळूहळू ओठांवर पसरणारं हसू. जैसे कोई बात मन की हो गई. एकदा, दोनदा, तीनदा. धाड, धाड, धाड.

त्या प्रसंगाचं शूटिंग झालं तेव्हा मी सेटवरही नव्हते. दाढ काढायला गेले होते. ते हसू तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारचं होतं, चाळिसांपैकी एक. एडिटरला कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, त्याला सासू खुश दाखवायची होती आणि बँकेत खुश सासू होती. पण मी टेप मागे घेऊन ते पुन्हा पाहिलं. इतकं सुंदर आलं होतं ते हसू. खोटं म्हणायची सोयच नव्हती.

दोन दिवसांची रजा भांडून घेतली आणि मेलनं जबलपूरला आले. बाबा मागच्या पडवीत बसून चष्मा पुसत होते. मी आले तसं वर पाहिलं, "आली का," एवढंच म्हणाले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाबा, तो शॉट मी तीन हप्ते आधी दिला होता. तो तिथं लागणार आहे हे मला माहीतच नव्हतं."

"हसली तर तूच ना?"

"हसली मीच. पण त्या पोरीवर नाही हसली."

"मंग कशावर हसली?"

"कशावरच नाही. डायरेक्टर म्हणाला हसा, मी हसली."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चौतीस साल मी पार्ट बनवले. ड्रॉइंग पाह्यल्याबिगर मशीनले हात नाही लावला कधी. हा पार्ट कुठं बसते, त्याच्यावर वजन कशाचं येते, हे समजल्याबिगर बनवला त तो पार्ट नाही होत, पोरी, भंगार होते. तुह्या हसण्याचं ड्रॉइंग कोणी पाह्यलं होतं?"

ते पुढे म्हणाले, "गावात शाळेत असताना मले पाणी वरून वतत. चपराशी आला नाही त दिवसभर तहान. तो चपराशी बी आमच्याकडे पाहून असाच हसे. हळूच. अन् इथं पंधरा मानसं चटईवर बसून माह्या घरात ते पाहून राहिले. डोमाजीची नात लहान हाय, ते मले पुसते, दादाजी, लीला दीदी किस पर हँस रही है. मी काय सांगू तिले? आखरीले खाली नाव येते, लीला सुखराम. माहं बी नाव हाय त्याच्यात."

बाबा चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी चिडक्या माणसांशी जन्मभर बोलत आलेय. ते चिडले नव्हते, ते खाली मान घालून बसले होते. आपल्यामुळे हा माणूस चार लोकांत खाली बघतोय, हे बघणं मला सहन झालं नाही. निघताना मी म्हटलं, "बाबा, मी दुरुस्त करीन." त्या दिवसापासून आमच्या घरात चटई पडली नाही. मंडळी डोमाजी काकांकडे जाऊन बघायला लागली.

मुंबईत परत आले ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. पहिलं काम, बँक बंद. मंगळवारी मला भिंतीपुढे उभी केली तेव्हा मी म्हटलं, "पन्ना दिखाइए." कुठल्या प्रसंगाचा लुक आहे, त्याचं पान आधी हातात द्या, मग चेहरा घ्या. डायरेक्टर हसला, त्याला थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर त्यानं घाम पुसला. दुसरं काम, मी कथा ठरवणाऱ्या बाईंकडे गेले, वाहिनीतल्या. म्हटलं, अम्माजी त्या पोरीच्या हातचं पाणी पितील असा एक प्रसंग लिहा. त्या बाई गोड बोलायच्या. म्हणाल्या, "लीला जी, आप आर्टिस्ट हैं, मैं समझती हूँ. पर ये अम्माजी के कैरेक्टर में नहीं बैठता." मी म्हटलं, "हँसना बैठ गया था?" त्यांनी चहा मागवला. दोन महिने मी जात राहिले आणि दोन महिने त्या चहा मागवत राहिल्या.

मग एक गुरुवार आला. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, आणि साडेआठला जाणारा भाग अजून चार मिनिटांनी अपुरा. सव्वासातला मोटारसायकलवाला टेप घेऊन वाहिनीच्या ऑफिसकडे निघणार. शेवटचा प्रसंग जेवणघरातला होता, सगळं कुटुंब टेबलाशी. वेळ नव्हता म्हणून डायरेक्टरनं ठरवलं, तुकडे करायचे नाहीत, एकाच लांब शॉटमध्ये सगळा प्रसंग उरकायचा. त्यात रधिया अम्माजींना पाणी आणून देते आणि अम्माजी म्हणतात, "रख दे." बस, माझं वाक्य एवढंच.

मी काय करणार हे मी कोणालाच सांगितलं नाही. विनतालाही नाही. तिला आधी माहीत होतं असं पुढे कोणी म्हणू नये म्हणून.

शॉट सुरू झाला. मुलगे व्यापाराचं बोलले, सुनांचे टोमणे झाले, विनता ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये तोच चांदीचा ग्लास, सेटवर तो एकच होता. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "रधिया, पहले तू पी."

विनताचा चेहरा उतरला. हे पानात नव्हतं. पण त्या पोरीनं ते केलं जे मोठमोठ्यांना जमत नाही. ती थांबली नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. ग्लास उचलला आणि दोन घोट प्याली. मी तिच्या हातून ग्लास घेतला, उरलेलं सगळं पाणी प्याले, आणि ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवला. म्हटलं, "आज से इस घर में जिसे प्यास लगे, इसी गिलास से पिएगा."

मधल्या सुनेचं काम करणारी नटी आ वासून बघत होती. साडेतीन वर्षांत तिच्या तोंडावर आलेला तो पहिला खरा धक्का.

कट म्हणायला डायरेक्टरला भान राहिलं नाही. मग प्रॉडक्शन मॅनेजर ओरडत आला, "रीटेक, रीटेक." डायरेक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अम्माजी, एक और लें?" मी म्हटलं, "घ्या. मी पुन्हा हेच करीन. दहा वेळा घ्या, दहा वेळा हेच करीन. घड्याळ बघा आणि काय ते ठरवा." तुकडे घेतलेले नव्हते, त्यामुळे माझा भाग कापून टाकावा तर पूर्ण प्रसंगच जात होता आणि भाग चार मिनिटांनी लंगडा पडत होता. त्या पोरानं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ओके है." त्या दोन शब्दांबद्दल मी त्याला आजही मानते. साडेआठला देशानं अम्माजींना पाणी पिताना पाहिलं.

रविवारी मी फोनजवळ बसले. फोन आला नाही. दुपारी मीच अंबादासला लावला. तो म्हणाला, "डोमाजी काका आले होते सांगायला. बाबा म्हणाले, हसताना बी तिले कोणी तरी सांगतलंच होतं, पितानाही सांगतलं असन. ॲक्टिंग हाय ते." मला रडू कोसळलं. एवढं करून सवरून बाबांच्या लेखी मी होते तिथेच होते, आणि त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं.

वाहिनीनं गाजावाजा केला नाही. त्यांच्याकडे पत्रांची पोती आली होती, त्यामुळे विनताला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही, उलट रधियाचं काम वाढलं. आज ती मुख्य भूमिका करते आणि मुलाखतीत माझं नाव घेते, पूर्ण. माझ्यासाठी मात्र आठव्या दिवशी पान आलं. अम्माजी हरिद्वारला जातात, वाटेत बस दरीत कोसळते. मला मरायलासुद्धा सेटवर बोलावलं नाही. पुढे दीड वर्ष कोणी काम दिलं नाही. बाई तापट आहे, सेटवर मनमानी करते, अशी हवा झाली. नंतर ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडून मी करारात एक ओळ लिहून घेतली, पान दाखवल्याशिवाय चेहरा मिळणार नाही. सोळा वर्षं ती ओळ प्रत्येक करारात आहे. नवीन पोरी आता सेटवर पान मागतात तेव्हा असिस्टंट आपसात म्हणतात, ही पण लीला जींची शिष्या दिसते. इतकी बक्षिसं मिळाली, कपाटात मावत नाहीत, पण ह्या एका वाक्यानं माझी मान जेवढी ताठ होते तेवढी त्या बक्षिसांतल्या कुठल्याच बाहुलीनं होत नाही.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी सुटकेस भरली आणि जबलपूरला आले. घरी पोचले ते दुपारी, आणि अम्माजींच्या मरणाचा भाग त्याच संध्याकाळी होता. बाबांशी दोन शब्दही झाले नव्हते. काम गेल्याचं मी फक्त अंबादासला सांगितलं होतं. साडेआठला दहा मिनिटं कमी असताना बाबा पडवीतून उठले, पुढच्या खोलीत आले आणि स्वतः चटई अंथरली. मग अंबादासला म्हणाले, "डोमाजीकडच्यायले बलाव." इतक्या महिन्यांनी टीव्हीचं बटण त्यांनी आपल्या हातानं दाबलं.

मंडळी आली, चटई भरली. मी भिंतीला टेकून त्यांच्यातच बसले. पडद्यावर फोन वाजला, मोठी सून किंचाळली, आणि हवेलीच्या दिवाणखान्यात माझा भलामोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, समोर समई. बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या, मी शेजारी जिवंत बसलेली असूनही. कुसुमबाई उठल्या. "बंद करा बाप्पा तो टीव्ही. जित्त्या पोरीच्या फोटोले हार, चांगलं नाही ते."

"राहू द्या," बाबा म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. नावं सरकायला लागली, त्यात ह्या वेळी माझं नाव नव्हतं. तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"हाकललं तुले त्यायनं?"

"हाव, बाबा."

"त्या गिलासापायी?"

"हाव."

"प्यायले कोणी सांगतलं होतं?"

"कोणीच नाही."

बाबा डोमाजी काकांकडे तोंड करून, मागे दारात उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेली ते अम्माजी, बरं झालं. माही लीला घरी आली."